कोरा डेक आणून घरीच स्केटबोर्ड जोडावा का?

खटपट्या

माझं मत: तयार स्केटबोर्ड घेऊ नये. कोरा डेक (उभं राहायची नुसती फळी) आणावा, बाकी सगळं घरी करावं. मे महिन्यात भाचीबरोबर केलंय, म्हणून बोलतोय.

डेक ८ इंच रुंद, मेपलच्या सात थरांचा. खालची बाजू आधी २२० नंबरच्या सॅण्डपेपरने घासली, कारण कोऱ्या डेकवरही लॅकरचा हात असतो आणि त्यावर रंग नीट धरत नाही. भाचीला मारुती काढायचा होता. आई कडाडली, "देव पायाखाली?" मग खेकडा काढला. अ‍ॅक्रिलिक रंग, वर क्लिअर लॅकरचे तीन पातळ हात. पाय घसरू नये म्हणून असते ती खरखरीत ग्रिप टेप वरच्या बाजूला मधून टोकांकडे दाबत चिकटवली, कडेवरून कानस फिरवली की पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवर ब्लेड चालवलं. टेपमध्ये बोल्टची भोकं खालून स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाडली.

संध्याकाळी सोसायटीत उतरवला तर बोर्ड तिरका चालायला लागला. खरोखरच खेकडा! एक ट्रक, म्हणजे चाकं धरणारा धातूचा भाग, उलटा बसवला होता. दोन्ही ट्रकचे किंगपिन (मधले जाड बोल्ट) आतल्या बाजूला, एकमेकांकडे तोंड करून हव्यात. चार बोल्ट काढून पुन्हा लावले. तयार बोर्ड घेतला असता तर हे तिला कधी कळलं असतं का?

सरळसोट_बापू

खटपट्या, कौतुक आहे, पण हिशेब मांडा की. डेक, ट्रक, चाकं, आठ बेअरिंग, ग्रिप, बोल्ट, वर रंग आणि लॅकर. सुटं सुटं घेतलं की तयार बोर्डापेक्षा जास्त पडतं, मी पोरासाठी चौकशी केली होती. आणि तो खेकडा पाहिला कोणी? बोर्ड उभा ठेवला तरच दिसणार. पोर कठड्यावर घसरायला शिकली की पहिल्या आठवड्यात नांग्या जातील. चित्रच काढायचं तर कागद काय वाईट आहे?

खटपट्या

बापू, तयार म्हणजे कुठला तयार? खेळण्यांच्या दुकानातला प्लॅस्टिकच्या ट्रकचा बोर्ड स्वस्त पडणारच. त्यावर उभं राहून वळून दाखवा, मग बोलू.

सरळसोट_बापू

खेळण्यांचं दुकान मी कुठे म्हटलं? चांगले जोडलेले बोर्डही मिळतात. आणि ते तिरके चालत नाहीत.

रंधा_पटाशी

घरात तीन पिढ्या सुतारकाम, म्हणून मध्ये तोंड घालतो. हे "बनवणं" नव्हे, जोडणं. बनवणं म्हणजे सात पातळ थरांना गोंद लावून, साच्यात दाबून, वाळवून, कापून, कडा गोल करणं. दोन टोकं वर वळतात आणि मधे उथळ खोलगटपणा येतो तो त्या साच्यातच. पाय कुठे आहे हे न बघता कळतं ते त्या खोलगटपणामुळे.

तरी मी खटपट्यांच्याच बाजूने. कारण दुसऱ्या टोकाला माझ्याकडे येणारी मंडळी आहेत: "काका, १८ एमएमचा मरीन प्लाय आहे, डेक कापून द्या." अहो, मरीन प्लाय पाण्याला टिकावा म्हणून असतो, उडी मारून त्यावर आपटायला नव्हे. डेक साधारण ११ एमएमचा असतो. १८चा सपाट प्लाय म्हणजे पाट झाला, चाकं लावलेला. त्यापेक्षा कोरा डेक शंभर पट बरा.

टोरांटोकर

काकांना दुजोरा. इकडे ग्रेट लेक्सच्या थंडीत शुगर मेपल सावकाश वाढतो, म्हणून लाकूड घट्ट. डेकवाले तेच धरून बसतात ते उगीच नाही. फक्त कोऱ्या डेकवर छाप नसते, त्यामुळे "मेपल" म्हणून काय गळ्यात मारतील सांगता येत नाही. घेताना कड बघा, सात थर मोजा, सपाट फरशीवर ठेवून पिळवटलाय का तपासा.

पेव्हर_ब्लॉक_पीडित

तुम्ही सगळे चित्रावर आणि लाकडावर भांडताय. घरी जोडण्याचा खरा फायदा चाकांत आहे, त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही!

जोडलेल्या बोर्डाला बहुतेक वेळा ५२ ते ५४ एमएमची, ९९ए च्या आसपासची कडक चाकं असतात (ए चा आकडा जितका मोठा तितकं चाक कडक). स्केटपार्कच्या गुळगुळीत सिमेंटवर उत्तम. आमच्या ठाण्याच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकवर मात्र दाढा वाजतात, आणि बारीक खडी मधे आली की बोर्ड जागेवर थांबतो, आपण पुढे जातो. (कोपराची खूण अजून आहे.) मी ६० एमएमची ७८ए घेतली. मऊ चाक खडीवरून निघून जातं. पण मोठं चाक वळताना डेकला घासतं आणि तिथेच अडकतं, म्हणून ट्रक आणि डेकच्या मधे रायझर (उंची वाढवणारी चकती) घातला, मग बोल्टही लांब लागले. जोडलेल्या बोर्डात ही निवड तुम्ही केलेलीच नसते, बापू.

सरळसोट_बापू

हा मुद्दा मान्य. पण मग जोडलेला बोर्ड घेऊन नुसती चाकं बदलावीत. रंगकामाचं समर्थन यातून होत नाही.

पेव्हर_ब्लॉक_पीडित

चालेल की. फक्त पाना आधी बघा. नट इंचातले असतात. बोल्टला १० चा पाना जेमतेम चालतो, चाकाच्या नटाला १३ चा बसतो, पण किंगपिनला १४ चा शिरत नाही आणि १५ चा फिरतो. मी नटाची धार घालवली, तेव्हा कळलं. ॲडजस्टेबल पाना घ्या.

रंधा_पटाशी

आणि बोल्ट पिळून पिळून आवळू नका. बोल्टचं डोकं डेकच्या लाकडात बसायला लागलं की थांबा. पावसात ओला झाला तर पुसून उभा ठेवा, उन्हात टाकू नका. थरात पाणी शिरलं की डेक फुगतो, मग टपकन उडायचा थांबतो.

खटपट्या

पीडित भाऊ, चाकांचं तुम्ही म्हणता ते खरंय. आमचीही कडकच आहेत, भाची रोज कुरकुरते. ६० एमएमला रायझर किती जाडीचा घातलात? आणि बापू, नांगी खरंच गेली, डावी. तिने तुटक्या नांगीचा खेकडा तसाच ठेवायचा ठरवलंय, परत रंगवू देत नाही.