नांगरटीखालचे गोल डाग: खांबांचे खळगे की घुशीची बिळं?

मातीखाली:
५×५ मीटरचा खड्डा, परवाना घेतलेला आहे. नांगरटीचा २२ सेंमीचा थर काढल्यावर पिवळसर मातीत ११ काळपट गोल डाग दिसले, व्यास १५ ते २५ सेंमी. सात वर्तुळात बसतात, चार कुठेही. मधे लालसर पट्टा. खापरं ताम्रपाषाणयुगीन वाटतात. डाग रिकामे करायचे का? घराची जमीन ओळखायची कशी?

पांढरीकर:
रिकामे अजिबात नको. डागावरून मधोमध दोरी ताणा आणि एकच अर्धा करणीने उतरवा. समोर उभा छेद मिळेल, तो १:१० प्रमाणात काढा, फोटो घ्या, मग दुसरा अर्धा.

खांबाच्या खळग्याच्या कडा सरळ उतरतात. नशीब असेल तर आत दोन माती दिसतात: मधे कुजलेल्या खांबाची काळी, मऊ, भोवती खांब घट्ट बसावा म्हणून ठोकलेले दगड-खापरं. बीळ आडवं वळतं, आतली माती भुसभुशीत. मुळाची पोकळी निमुळती होत जाते, तिला फाटे फुटतात. मात्र घुशीलाही मऊ माती हवी असते, त्यामुळे ती खांबाच्या खळग्यातच शिरते. एकाच छेदात दोन्ही दिसलं तर ते चूक समजू नका.

नांगराने वरचा भाग खाल्लेला असतो, म्हणून ५-६ सेंमीच खोल उरलेला खळगाही खरा असू शकतो. सात डाग वर्तुळात आहेत एवढ्यावर झोपडी उभी करू नका. डोळा वर्तुळं फार पटकन जोडतो. इनामगावात (पुणे जिल्ह्यातली ताम्रपाषाणयुगीन वस्ती) उत्तर जोर्वे काळात, म्हणजे तिथल्या वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात, गोल झोपड्या होत्या हे खरं, पण त्याआधीची घरं आयताकृती होती.

डाग पुसट वाटले तर फवारणी पंपाने हलकं पाणी मारा. फोटो ताडपत्रीच्या सावलीत घ्या.

चाळणवाला:
जमीन कधीकधी जेमतेम २-३ सेंमी उरते. चोपलेल्या थरावर करणीचा आवाज बदलतो आणि माती पापुद्र्यासारखी सुटते. घरात राहणारे झाडतात तेव्हा मोठी खापरं बाहेर जातात, बारीक कपच्या आणि जळके दाणे रुतून राहतात. म्हणून ५० सेंमीच्या चौकटी आखून माती वेगवेगळी भरा.

लाल पट्टा अर्धाच कापा. तिथेच भाजलेली माती खाली जाताना हळूहळू फिकी होते. आणून टाकलेल्या राखमातीची कड मात्र एकदम तुटते. चूल ठरली तर सगळी माती फ्लोटेशनला (माती पाण्यात ढवळून जळके दाणे तरंगवून काढायला), इतर थरांतून १०-२० लिटर. तरंगणारं ०.२५ मिमीच्या जाळीवर, खाली बसणारं १ मिमीच्या. चिकणमाती आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवा. दाणे सावलीतच वाळवा, उन्हात तडकतात.

मातीखाली:
कालमापनाला चुलीतला कोळसा चालेल ना?

पांढरीकर:
दाणा मिळाला तर दाणाच द्या, एएमएसला (कार्बन-१४ मोजून वय काढायची पद्धत) काही मिलिग्रॅम पुरतात. दाणा एका हंगामाचा असतो. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा घरापेक्षा शंभर-दोनशे वर्षं आधीची तारीख देऊ शकतो. काळी माती असेल तर तारखेसाठी सुटा दाणा घेऊ नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वरचं खाली उतरतं. चुलीच्या बंद थरातला दाणा घ्या.

आणि नांगरटीची माती नि खालची माती यांचे ढीग वेगळे ठेवा. बुजवताना उलटसुलट झाली तर पुढच्या पेरणीला त्या तुकड्यात पीक धरत नाही.