रेड ओकची जमीन: स्टेन की जशी आहे तशी?

माजघर (धागाकर्ती)
न्यू जर्सीत, एडिसनला १९५७ सालचं घर घेतलं. कार्पेट उचकटलं तर खाली रेड ओक लाकडाच्या सव्वादोन इंची पट्ट्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. नशीबच म्हणायचं, पण तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. जमीन घासून देणारा माणूस विचारतोय, स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारायचा की नुसतं पॉलियुरेथेन (वरचा पारदर्शक थर)? सोमवारपर्यंत सांगायचंय. नवऱ्याला एबनी हवाय, म्हणजे जवळजवळ काळाच. माझं म्हणणं, लाकूड आहे तर लाकडासारखं दिसू दे. नवरा हा धागा वाचणार आहे, तेव्हा जरा बेतानं मारा.

खडूस_काका
ओकला स्टेन म्हणजे हापूसच्या रसात साखर. वाया.
काळ्या जमिनीवर आम्ही सहा वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. पोळ्या लाटताना उडालेलं पीठ, भाताची शितं, केस, अनवाणी पावलांचे ठसे, सगळं दिसतं. आपल्या घरात बूट-चपला दाराशी काढतात हे खरं, पण तेलकट पावलं आतच फिरतात ना! शिवाय स्टेन लाकडात फार खोल जात नाही. खुर्ची ओढली, जरा जोरात ओरखडा गेला, की काळ्यावर पांढुरकी रेघ. ती पाहुण्यांना आधी दिसते.

निळी_शाई
काका, काळ्याबद्दल सहमत, बाकी नाही. 'जसं आहे तसं' असं काही नसतंच. रेड ओक मुळात गुलाबीसर. त्यावर पाण्याचं फिनिश (म्हणजे वरचं पॉलियुरेथेनच) मारलं की गुलाबीपणा तसाच राहतो. तेलाचं मारलं की मधासारखा पिवळा होतो आणि वर्षागणिक आणखी पिवळा पडतो. म्हणजे स्टेन नाही म्हटलं तरी रंग तुम्ही निवडताच, फक्त न बघता निवडता. मैत्रिणीने हौसेनं 'नॅचरल' करून घेतलं आणि आता सोफ्याचा कुठलाच रंग त्या गुलाबीशेजारी बसत नाही म्हणून रडतेय.
मधला तपकिरी घ्या, किंचित हिरवट झाक असलेला. हिरवट छटेने लाल दबतो. करडा मात्र नको. गुलाबीवर करडा चढला की जांभळट, मळकं काहीतरी होतं.

माजघर
एक सांगायचं राहिलं. कार्पेटच्या खिळ्यांपाशी भिंतीकडेने काळे ठिपके आहेत आणि खोली गरम करणाऱ्या रेडिएटरखाली ताटाएवढा काळा डाग. स्वयंपाकघराची भिंत मागच्या मालकांनी पाडली होती, तिथल्या नव्या पट्ट्या जुन्यांपेक्षा फिकट आहेत. नवरा म्हणतो, बघ, काळ्यात सगळं झाकलं जाईल.

रंधा
वडील सुतार, कोल्हापूरला. मी इथे फक्त जीभ चालवतो.
ते काळे डाग म्हणजे लोखंड, पाणी आणि ओकमधलं टॅनिन (तुरट द्रव्य). लोखंडी कढईत आवळा घातला की काळा होतो ना, तेच. काचपेपराने वरवरचे जातील. खोल गेलेले ऑक्झॅलिक ॲसिडने फिके होतात, पण पुरते जातीलच असं नाही. तेव्हा नवरोबांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. जुन्या-नव्या पट्ट्यांतला फरकही स्टेनने बराच मिटतो.
पण स्टेनने जमीन टिकते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्टेन नुसता रंग. झीज आणि पाणी सोसतं ते वरचं पॉलियुरेथेन.

खडूस_काका
ताटाएवढ्या डागासाठी अख्खं घर काळं करायचं? तेवढ्या चार पट्ट्या बदला. रेड ओक अमेरिकेत सहज मिळतं.

हिमपुष्प
आम्ही टोरंटोत. आमची जमीन मेपल लाकडाची होती, त्यावर गडद तपकिरी मारून घेतला. मेपल रंग सारखा पीत नाही, जमीन गजकर्ण झाल्यासारखी दिसायला लागली. पुन्हा घासावी लागली, खर्च दुप्पट. ओकची छिद्रं मोठी, तो रंग नीट घेतो, त्यामुळे तुम्हाला ती भीती नाही. पण धाग्याचा मथळा वाचून कुणी मेपलवाला आला तर त्याने आधी थांबावं.

निळी_शाई
आणि डब्यावरचा रंग बघून ठरवू नका. घासून झालेल्या तुमच्याच जमिनीवर दोन-दोन फुटांचे चौकोन करून घ्या, वर फिनिशचा हात द्यायला सांगा. सकाळी बघा, संध्याकाळी दिवे लावून बघा. तोच तपकिरी पिवळ्या बल्बखाली तांबूस दिसतो.

माजघर
चार चौकोन झाले: एबनी, स्पेशल वॉलनट, प्रोव्हिन्शियल (हे दोन्ही मधले तपकिरी) आणि एक कोरा. कोऱ्यावर पाण्याचं फिनिश. निळी_शाई, हरले मी, तो भाजलेल्या कोळंबीसारखा गुलाबी दिसतोय. सुकल्यावर एबनीच्या चौकोनावर मुलाने खेळण्यातला ट्रक फिरवला, त्यावर नवरा पाच मिनिटं काही बोलला नाही. आता तो प्रोव्हिन्शियलपाशी आणि मी वॉलनटपाशी. रेडिएटरखालच्या पट्ट्या काका म्हणतात तशा बदलतोय.

रंधा
दोन्हींत फार फरक नाही हो. उजेड कमी असेल तर दोन्हींतला फिकट घ्या. स्टेन पुरता वाळल्याशिवाय फिनिश मारू देऊ नका. तेलाचा स्टेन आणि वर पाण्याचं फिनिश असेल तर जास्तच थांबा, घाई केली की फिनिश सुटतं.

खडूस_काका
रंगाबद्दल माझं मत तेच. पण मारणारच असाल तर स्टेन पुसलेली फडकी बोळा करून गॅरेजात टाकू नका. तेलाचा स्टेन वाळताना तापतो, बोळा आपोआप पेट घेतो. पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. कामगार निघून गेल्यावर कोपरे तपासा, ते विसरतात.