मदत हवी आहे: पोरीसाठी कीबोर्ड कोणता घ्यावा?
दारव्हा तालुक्यात राहतो. पोरगी 11 वर्षांची, गावातल्या गुरुजींकडे पेटीवर गाणं शिकून राहिली, आता पियानोही शिकायचा म्हणते. बजेट 15 हजार, त्यात 88 वजनदार कीजचा (खऱ्या पियानोसारख्या जड कळांचा) डिजिटल पियानो बसत नाही. यामाहा पीएसआर-एफ52 पाहिला, पण त्यात कळ हळू दाबा की जोरात, आवाज सारखाच, तो नको. कॅसिओ सीटी-एस300 ला टच रिस्पॉन्स आहे, म्हणजे कळ जशी दाबू तसा आवाज लहान-मोठा होते, आणि 6 सेलवरही चालतो, इकडे लाइटचा काही भरोसा नाही म्हणून तेही पाहावं लागते. पियानो शिकवणारं जवळपास कोणी नाही, नेट पण धड चालत नाही, म्हणजे व्हिडिओपेक्षा पुस्तकच बरं. तर भाऊ-ताईहो, अशा 61 कीजच्या कीबोर्डवर सुरुवातीची दोन-तीन वर्षं निघतील का की पैसे जमवून थेट 88 चाच घ्यावा, अन् स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) मराठीत समजावणारं पुस्तक कोणतं?