शंभर एकर, पण रानाचे

आयरिश लोक बटाट्याच्या दुष्काळानंतरच, म्हणजे १८४५ नंतरच देशाबाहेर पडले असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं. १८२५ मध्येच कॅनडातला राजकारणी पीटर रॉबिन्सनने ब्रिटिश सरकारच्या खर्चाने आयर्लंडच्या कॉर्क भागातली दोन हजारांवर माणसं कॅनडात नेली. ऑन्टारिओतलं पीटरबरो त्याच्याच नावाचं. जमीन दिसायच्या आधीच वाटेत कॅनडातल्याच किंग्स्टन गावच्या तंबूंत कित्येक जण थंडीतापाने आडवे झाले. कुटुंबाला १०० एकर, एक गाय, कुऱ्हाड, कुदळी, बेण्याचे बटाटे, थोडा मका. ऐकायला भारी, पण सगळं गच्च रान! नांगर कुठला चालतोय? झाडं तोडायची, जाळायची आणि खुंटांच्या मधल्या जागेत कुदळीने खणून बटाटे लावायचे. राखेलासुद्धा भाव होता, पोटॅशसाठी, म्हणजे राखेतून काढायच्या क्षारासाठी.