कारखाने ढीगभर, ब्रँड मूठभर: खापर नेहमी मानसिकतेवरच का?

लेथमास्तर (धागाकर्ते)

परवापासून एक पोस्ट फिरते आहे. तिचं सार असं: उत्पादक देशांची मानसिकताच नकलेची, कल्पकतेच्या नावाने शून्य आणि जाहिरातीवर पैसा सोडायला हात थरथरतो, झकास लोगो आणि दमदार जाहिरात केली की जागतिक ब्रँड तयार. दोन ओळींच्या उत्तरात राग मावेना, म्हणून वेगळा धागा.

मानसिकता ठेवा बाजूला, आधी पैशाचं चक्र बघा. समजा छोटं घरगुती उपकरण आहे. दुसऱ्याच्या नावाने बनवताना कच्चा माल ४५ दिवस आधी घ्यायचा, १५ दिवसांत माल काढायचा, जहाजावर चढवायचा, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) बँकेत दिलं की एलसीचे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने हमी दिलेले, पैसे सुटतात. साधारण दोन महिन्यांत रक्कम परत. तोच माल स्वतःच्या नावाने पाठवा: ४५ अधिक १५, समुद्रात ३५, परक्या गोदामात ३०, वर दुकानसाखळीची ६० दिवसांची उधारी. झाले १८५ दिवस. उलाढाल तेवढीच, भांडवल तिप्पट. न खपलेला माल आणि ग्राहकाने परत केलेली खोकी कोणाच्या गळ्यात, हे या हिशेबात अजून धरलेलंच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून कडू. कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजेच उद्याचा प्रतिस्पर्धी. तैवानची बेनक्यू मोटोरोलासाठी मोबाइल बनवायची; ती स्वतःच्या नावाने मोबाइल विकायला लागली आणि मोटोरोलाने आपल्या ऑर्डरी काढून घेतल्या. एसरने याच कात्रीतून सुटण्यासाठी उत्पादनाचा भाग विस्ट्रॉन म्हणून वेगळा केला, असूसने पुढे पेगाट्रॉन. चालू ऑर्डर बुक पणाला लावून जाहिरात करायला सांगणारे सल्लागार पगार कुठून देतात, कळत नाही.

खडूस_क्यूसी

भांडवलाचं गणित बरोबर, निष्कर्ष सोयीचा. पैसा असूनही आपटलेल्यांचं काय?

अडाप्टरमधला एक इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग, उष्णतेने लवकर खराब होणारा) घ्या. मंजूर नगावर १०५ अंशाचा, म्हणजे त्या तापमानाला २००० तास टिकणारा. आतलं तापमान ६५ अंश धरलं तर तापमान दर १० अंश उतरलं की आयुष्य दुप्पट या नियमाने तो साधारण ३२,००० तास टिकतो. चौथ्या-पाचव्या लॉटला खरेदी विभाग तसाच दिसणारा ८५ अंशाचा बसवतो. छापलेले तास तेच २०००. हा ८००० तासांत जातो, म्हणजे सतत चालू ठेवला तर अकरा महिन्यांत. शेवटच्या तपासणीत काहीही सापडणार नाही, कारण सॅम्पलिंगमध्ये नग चालतो की नाही हे कळतं, किती दिवस चालेल ते कळत नाही.

दुसऱ्याचा माल करताना त्यांचा माणूस मंजूर पुरवठादारांची यादी घेऊन उरावर बसलेला असतो. स्वतःचा ब्रँड काढला की तो माणूस जातो आणि खरेदीप्रमुख मोकळा सुटतो. याला तुम्ही मानसिकता म्हणू नका, सवय म्हणा, पण आहे ती तीच. सॅमसंगने १९९५ साली दक्षिण कोरियातल्या गुमीच्या कारखान्याच्या आवारात सदोष फोन, फॅक्स यंत्रं वगैरे मिळून सुमारे दीड लाख नग कामगारांसमोर जाळले, ते काय भांडवल वाढवायला?

सायकलस्वार

लेथमास्तर, गिऱ्हाईक निघून जातं हा तुमचा हुकमी एक्का जायंटपुढे चालत नाही. तैवानची ही कंपनी श्विन या अमेरिकन ब्रँडसाठी सायकली बनवायची. स्वतःचा ब्रँड काढला, युरोपात गेली, अमेरिकेत गेली. श्विनने १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, जायंट आजही आहे. वर इतर ब्रँडांच्या सायकलीही बनवते. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो की.

लेथमास्तर

येतो, पण क्रम बघा. श्विनने आधीच शेन्झेनमधल्या दुसऱ्या कारखान्याचा हात धरला होता, तेव्हा गमवायला फार उरलंच नव्हतं. शिवाय जायंट अमेरिकेत उतरली ती श्विनमधलेच अनुभवी लोक सोबत घेऊन, ज्यांना डीलर नावानिशी माहीत होते. सायकल डीलर जोडून देतो, गिअर लावून देतो, दुरुस्त करतो. तो शिफारस करतो ती ऐकली जाते. मिक्सरच्या बाबतीत दुकानातल्या फळीला तोंड नसतं.

आणि खडूस, दीड लाख नग जाळायला आधी ते जाळणं परवडावं लागतं.

खडूस_क्यूसी

वा! म्हणजे दर्जाही पैसेवाल्यांनीच सांभाळायचा. ८५ आणि १०५ मधला फरक काही पैशांचा असतो हो.

शिक्कामोर्तब

सगळे माल आणि पैशावर भांडताय, नावाचं कोणी बोलत नाही. बहुतेक ठिकाणी घात तिथेच होतो. लेजंड या नावाने चीनमध्ये मोठी झालेली संगणक कंपनी बाहेर निघाली तर ते नाव अनेक देशांत आधीच दुसऱ्यांच्या नावावर. २००३ मध्ये लेनोवो व्हावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर बाकीच्यांचं विचारूच नका.

नेहमीचा प्रकार असा: निर्यातदार परदेशी वितरकाला माल देतो, वितरक "स्थानिक नोंदणी आम्ही करून घेतो" म्हणतो आणि ट्रेडमार्क स्वतःच्या नावावर करतो. तीन वर्षांनी वितरक बदलायचा म्हटलं की आपल्याच नावाचा माल सीमाशुल्कात अडकतो. आधी अर्ज करील त्याचा हक्क, असा कायदा असलेल्या देशात "आम्ही आधीपासून वापरतो" याला फारशी किंमत नसते.

खडूस_क्यूसी

विषय ब्रँड का बनत नाहीत हा आहे. वकिली जाहिरात वेगळ्या धाग्यात करा.

शिक्कामोर्तब

कपॅसिटरचं तापमान चालतं, मालकी हक्क चालत नाही? ज्या नावावर तुमचा हक्कच नाही त्याच्या आत सोन्याचा कपॅसिटर घाला, फायदा तिसऱ्यालाच.

निवांत

एवढं काय त्यात? अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवायची माद्रिद व्यवस्था आहे ना, तिच्यात एकच अर्ज करा, हवे ते देश निवडा, मोकळे व्हा.

शिक्कामोर्तब

हेच ऐकून लोक फसतात. माद्रिदची आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली ५ वर्षं मायदेशातल्या मूळ अर्जावर टांगलेली असते. तो मूळ अर्ज कोणी पाडला की सगळीकडची नोंदणी त्याच्याबरोबर जाते. मग ३ महिन्यांत देशागणिक स्वतंत्र अर्जात रूपांतर करायचं, फी पुन्हा भरायची. प्रत्येक देश स्वतंत्रपणे नकारही देऊ शकतो. वर नोंदणीसाठी माल आणि सेवांचे वर्ग केलेले, एकूण ४५. चार्जर ९ व्या वर्गात, दिवा ११ व्या, दुकान चालवणं ३५ व्या. बहुतेक जण एकाच वर्गात अर्ज टाकून झोपतात.

पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात गेलात तर मूळ तारीख मिळते. ही मुदत दर्जा तपासण्यात आणि पॅकिंगचे रंग ठरवण्यात निघून जाते. आणि नुसतं नोंदवून ठेवूनही भागत नाही: सलग वापर नसेल तर चीन-जपानमध्ये ३ वर्षांनी, युरोपीय संघात ५ वर्षांनी कोणीही रद्द करायला सांगू शकतो. म्हणून करारातच लिहा की नाव आमचं, वितरक फक्त परवानाधारक, आणि नोंदणी पूर्ण होईपर्यंत पहिला कंटेनर हलणार नाही.

निवांत

बरं महाराज. एक वाक्य लिहिलं तर परिपत्रक आलं. पण वितरकाचा मुद्दा मान्य.

तिरकस

एवढी दगदग कशाला, तयार ब्रँड विकत घ्या. लेनोवोने २००५ मध्ये आयबीएमचा पीसी व्यवसाय घेतला, हायरने २०१६ मध्ये जीईचा घरगुती उपकरणांचा. नावही आलं, डीलरही आले.

लेथमास्तर

बेनक्यूने २००५ मध्ये सीमेन्सचा मोबाइल विभाग घेतला. सीमेन्सने तो जावा म्हणून वर पैसेही दिले. वर्षभरात बेनक्यूची ती जर्मन उपकंपनी दिवाळखोरीत. नाव मिळालं, सोबत तोट्यातले कारखाने आणि उशिरा येणारे फोनही मिळाले. हायरला जीईचं नाव ४० वर्षांसाठी मिळालं आहे, कायमचं नाही. विकत घेणं आणि मुदतीवर घेणं यात फरक करा.

तिरकस

४० वर्षं म्हणजे मुदत? मग आपण सगळेच भाड्याने राहतो.

बरं, मुळात ब्रँड हवाच कशाला? दुसऱ्यांसाठी चिप बनवणारी तैवानची टीएसएमसी १९८७ पासून ग्राहकाशी स्पर्धा करणार नाही हेच विकते आहे. दुकानात तिचं खोकं दिसत नाही म्हणून तिच्याकडे कीव करून बघणारा एक तरी दाखवा.

सायकलस्वार

टीएसएमसीसारखी चिप दुसऱ्याला बनवता येत नाही म्हणून ते जमतं. शिवणकाम करणाऱ्या कारखान्याला ऑर्डर शेजारच्या देशात जाण्याची भीती रोजची. २००९ च्या आयफोन ३जीच्या सुट्या भागांच्या हिशेबात जोडणीचा वाटा सुमारे साडेसहा डॉलर होता, एकूण खर्च जवळपास १७९. जोडणीवाल्याने कुठल्या तोंडाने दर वाढवून मागायचा?

खडूस_क्यूसी

लेथमास्तरांचं भांडवल आणि शिक्कामोर्तबांचे वर्ग, दोन्ही मान्य करतो, नाइलाजाने. पण सुट्या भागांवर कोणीच बोललं नाही. मॉडेल बंद झाल्यावर किमान ५-७ वर्षं मोटर, गास्केट, कंट्रोल बोर्ड पुरवायचे तर शेवटच्या उत्पादनाच्या वेळीच जास्तीचे नग काढून ठेवावे लागतात, कारण नंतर साच्याला हात लावला की शंभर नगांसाठीही मशीनचं पूर्ण सेटिंग करावं लागतं. बोर्डवरची चिप तर पुरवठादारच बंद करतो. त्याच्या शेवटच्या खरेदीच्या नोटिशीकडे लक्ष ठेवणारा माणूस किती कारखान्यांत नेमलेला असतो? ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी दिली. ती निभावायला भागांचं गोदाम लागतं, घोषवाक्य नाही.

लेथमास्तर

आणि ते गोदाम कशाने भरायचं? भांडवलानेच ना.

खडूस_क्यूसी

भरा. फक्त त्यात ८५ अंशाचे कपॅसिटर भरू नका.

शिक्कामोर्तब

सुटे भागही नोंदवताना वर्ग बघा. मोटरचा ७ वा, तुमच्या कंट्रोल बोर्डचा ९ वा.