विंडोज सर्व्हरवरून उबुंटूवर येतोय, लॉगवर नजर ठेवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑफिसमधले काही सर्व्हर विंडोजवरून उबुंटू लिनक्सवर न्यायचे ठरलेत. आजवर सगळी भिस्त इव्हेंट व्ह्यूअरवर, म्हणजे विंडोजचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) दाखवणाऱ्या टूलवर होती. तिथे प्रत्येक प्रकारच्या घटनेला ठरलेला नंबर असतो. चुकीचा पासवर्ड पडला की ४६२५, खातं लॉक झालं की ४७४०, मशीन अचानक बंद पडलं की ६००८. त्या नंबरला टास्क जोडला की स्क्रिप्ट आपोआप चालायची.

उबुंटूवर तसे नंबर नाहीत. एसएसएचला (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) चुकीचा पासवर्ड दिला की ऑथ डॉट लॉग या लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमध्ये ‘फेल्ड पासवर्ड फॉर’ अशी ओळ येते, पुढे युजर, आयपी, पोर्ट. युजरच अस्तित्वात नसेल तर मध्ये ‘इनव्हॅलिड युजर’ घुसतं, म्हणजे शोधायचा पॅटर्न दोन्ही ओळी पकडणारा हवा. जर्नलसीटीएल ही लॉग बघायची कमांड मात्र मनापासून आवडली. सर्व्हिस आणि वेळ दिली की काम झालं, इव्हेंट व्ह्यूअरसारखी एक्सएमएल फिल्टर लिहायची कटकट नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. विंडोजमध्ये कुणी सिक्युरिटी लॉग पुसला तर ११०२ ची नोंद उरते. इथे रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) हातात आलेला माणूस फाइलच उडवू शकतो. त्यामुळे लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर जायलाच हवेत, आणि काही विंडोज सर्व्हर अजून राहणार असल्याने दोन्हीकडचे एकाच जागी हवेत.

त्यासाठी आरसिसलॉगचा (लॉग गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) सेंट्रल सर्व्हर आणि विंडोजवर लॉग पाठवणारा एजंट, की सरळ वाझू ही सुरक्षेवर नजर ठेवणारी तयार सिस्टिम? छोट्या टीमला काय झेपतं? ऑडिटडीचे (कुणी काय केलं याची नोंद ठेवणारी लिनक्सची सर्व्हिस) कोणते नियम आधी लावावेत? प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.