दुसरीतला मुलगा बाईंना मारतो, चावतो. यात शाळेची जबाबदारी नक्की कुठून सुरू होते?

दुसरीच्या_बाई
नमस्कार, लिहू की नको करत बरेच दिवस गेले. प्राथमिकला शिकवते, अकरावं वर्ष चालू आहे. वर्गात सात वर्षांचा एक मुलगा आहे, आपण त्याला छोटू म्हणू. सुरुवातीला नुसती ढकलाढकली होती, मग वस्तू फेकणं सुरू झालं, एकदा पाण्याची बाटली माझ्या कानाजवळून गेली आणि फळ्याच्या चौकटीवर आदळली, तिथला टवका अजून दिसतो. मी दर वेळी ऑफिसात जाऊन सांगितलं, दर वेळी "बघू" एवढंच उत्तर.

गेल्या मंगळवारी चित्रकलेच्या तासाला तो उघडी कात्री घेऊन शेजारच्या मुलीच्या अंगावर गेला. मी मध्ये पडले, कात्री सुटली पण त्याने माझ्या हाताला चावा घेतला आणि सोडेचना, बाकीची पोरं रडायला लागली, शेवटी बाजूच्या वर्गातल्या बाई धावत आल्या तेव्हा सुटला. रक्त आलं. ऑफिसात गेले तर पहिला प्रश्न काय, तर "तुम्ही त्याला काही बोललात का?" मग "अहो लहान आहे तो", आणि वर "वर्ग सांभाळणं तुमचंच काम आहे ना". अपघाताची वही मागितली तर म्हणाल्या ती मुलांसाठी असते. म्हणजे मुलाचं ढोपर फुटलं तर नोंद, बाईचा हात फुटला तर काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटू स्वतःच माझ्याजवळ आला, बाही वर करून त्याने व्रण बघितले आणि बोट ठेवून मोजले, सात. बरोबर मोजले. गेल्या महिन्यापर्यंत सहाच्या पुढे अडखळायचा.

त्याला शाळेतून काढा असं माझं म्हणणं नाहीये. पण मला मार बसणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे का? शाळेने नक्की काय करायला हवं आणि मी काय मागू?

निवृत्त_हेडमास्तर
बाई, आधी सांगा डॉक्टरकडे गेलात का? माणसाच्या चाव्यात जंतू फार असतात, साबण लावून वाहत्या पाण्याने धुवायचा आणि कातडी फाटली असेल तर लगेच दाखवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारतील, हेपॅटायटिस बीचंही विचारतील. आणि डॉक्टरांच्या कागदावर "कामावर असताना विद्यार्थ्याने घेतलेला चावा" असं लिहून घ्या, नुसतं "हाताला जखम" नको.

आता मुद्द्याचं. मी चौदा वर्षं त्या खुर्चीत काढली म्हणून सांगतो, दिवसभरात पन्नास जण काही ना काही तोंडी सांगून जातात, त्यातलं निम्मं संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं. लेखी आलं की मात्र पोटात गोळा येतो, कारण उद्या काही झालं तर "मला कुणी सांगितलंच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. धोका आहे हे शाळेला कळलं की त्या क्षणापासून जबाबदारी शाळेची, तुमची एकटीची राहत नाही, पण कळलं होतं हे दाखवायला कागद लागतो.

आणि लिहिताना "मुलगा हिंसक आहे" असलं काही लिहू नका, ते मत झालं, त्यावर वाद घालता येतो. लिहा की अमुक तारखेला १०.४० ला चित्रकलेच्या तासाला, आधी असं असं झालं होतं, मग त्याने कात्री उघडून हिच्या दिशेने नेली, मी मध्ये गेले, डाव्या हाताला चावा, अमक्या बाईंनी सोडवलं, यापूर्वी मी तमक्या तमक्या तारखांना तुम्हाला सांगितलं होतं. शेवटी काय हवंय ते स्पष्ट. मेल करा, कॉपी स्वतःकडे ठेवा.

माझ्या हातूनही असंच झालंय. एक तरुण शिक्षिका तीनदा येऊन सांगून गेली, मी तीनदा "बघू" म्हणालो, चौथ्यांदा ती राजीनामाच घेऊन आली. त्या कागदावर मात्र तारीख, वार, वेळ सगळं व्यवस्थित होतं.

उगाच_एक
सात वर्षांच्या पोराला घाबरायचं?? आमच्या वेळी बाईंनी नुसते डोळे वटारले की चड्डी ओली व्हायची. एकदा दोन ठेवून द्या, बघा कसा सरळ येतो.

विशेष_शिक्षिका
@उगाच_एक, दोन ठेवून दिल्या तर जे पोर आधीच मारतंय त्याला मोठी माणसंही मारूनच काम करून घेतात एवढं शिकवलं जाईल, आणि नोकरी बाईंची जाईल, तुमची नाही. असो.

ताई, मी अशाच मुलांबरोबर काम करते. एवढ्या लहान वयात मारणं म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी सांगणं असतं, पण म्हणून तुम्ही ते अंगावर झेलत बसायचं असा त्याचा अर्थ होत नाही हं, या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. दोन आठवडे एक साधा तक्ता ठेवा, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्याकडच्या एका मुलाचं असं निघालं की फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितलं की पाचव्या मिनिटाला वही उडायची आणि त्याला बाहेर काढलं जायचं, म्हणजे लिहिणं टळायचं! आम्ही शिक्षा समजत होतो, त्याच्या दृष्टीने ती सुटका होती. पुढे कळलं त्याला फळाच नीट दिसत नव्हता.

शाळेकडे काय मागायचं तर, एक, त्या तासांना वर्गात दुसरा मोठा माणूस. कात्र्या कुलपात. आणि हे आधी ठरलेलं हवं की तो बेभान झाला तर त्याला ओढत न बसता बाकीच्या मुलांना बाहेर न्यायचं, कुणी न्यायचं, कुठल्या खोलीत, ऑफिसला निरोप कुणी द्यायचा. प्रत्यक्ष धरायची वेळ आलीच तर ज्यांना तसं ट्रेनिंग आहे त्यांनीच, एकट्याने कधीच नाही. चावला तर हात झटकन मागे ओढायचा नाही, कातडी जास्त फाटते, हात त्याच्या तोंडाकडेच किंचित दाबायचा, पकड सैल होते. हे मला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नाही, हातावर शिकले.

वाचनवेडा
निवृत्त सर म्हणतायत ना की कळलं की जबाबदारी सुरू, त्यावर अमेरिकेतली एक केस आठवली. व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज म्हणून शहर आहे, तिथल्या रिचनेक प्राथमिक शाळेत ६ जानेवारी २०२३ ला सहा वर्षांच्या मुलाने, हो सहाच, घरून आणलेल्या पिस्तुलाने स्वतःच्या वर्गशिक्षिकेवर गोळी झाडली. गोळी हातातून आरपार जाऊन छातीत घुसली, त्या वाचल्या. दोनच दिवस आधी त्याने त्यांचा फोन आपटून फोडला होता आणि त्यासाठी एक दिवस घरी बसवला होता.

पण मला सुन्न केलं ते त्या दिवशीच्या घटनाक्रमाने. मुलाकडे पिस्तूल असावं हे शाळेतल्या एकाहून जास्त लोकांनी गोळी सुटायच्या आधी उपमुख्याध्यापिकेपर्यंत पोचवलं होतं. दप्तर तपासलं गेलं, त्यात काही नव्हतं, अंगावरचे खिसे मात्र तपासलेच नाहीत. शिक्षिकेने ४ कोटी डॉलरचा दावा लावला. शाळेच्या बाजूचं म्हणणं काय होतं माहितीये? ही कामावरची दुखापत आहे, तेव्हा कामगार नुकसानभरपाईत काय मिळेल ते घ्या, वेगळा दावा नको. कोर्टाने ते मानलं नाही, पहिलीच्या शिक्षिकेला विद्यार्थ्याने गोळी घालणं हा तिच्या नोकरीतला धोका धरता येणार नाही म्हणून दावा चालू राहिला. ताई, तुमचा "नोकरीचा भाग आहे का" हा प्रश्न तिथे शब्दशः कोर्टात लढला गेला म्हणा ना. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्युरीने त्या माजी उपमुख्याध्यापिकेला जबाबदार धरून १ कोटी डॉलर द्यायला सांगितले. मुलावर खटला नाही, आईला मात्र तुरुंगवास झाला.

कबूल आहे, पिस्तूल कुठे आणि चावा कुठे. पण आधी सांगितलेलं असणं आणि कुणी न हलणं हे दोन्हीकडे सारखंच आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १९० आहे, २०१९ चा, तो कामाच्या ठिकाणच्या हिंसेबद्दल आहे आणि त्यात फक्त बॉस नि सहकारी नाही, बाहेरच्या तिसऱ्या व्यक्तींकडून होणारी हिंसाही धरलीय. तुमच्याकडे तो लागू आहे का ते बघा, नसला तरी पत्रात उल्लेख करायला काय जातंय.

उगाच_एक
ठीक आहे, दोन ठेवून द्यायचं मागे घेतो. कात्रीचं आधी नीट वाचलं नव्हतं.

आई_आहे_मी_पण
मी दुसऱ्या बाजूची. माझा मुलगा तुमच्या छोटूसारखा होता. शाळेने मला जवळजवळ वर्षभर काहीच सांगितलं नाही, डायरीत "आज थोडा मस्ती करत होता" एवढंच यायचं, मला वाटायचं सगळीच मुलं करतात. मग एक दिवस अचानक फोन की ताबडतोब या, आणि ऑफिसात बाई बसलेल्या, भुवईवर पट्टी, माझ्याकडे बघेनात. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण रागही आला की हे मला आत्ता कळतंय? पहिल्यांदा मारलं तेव्हाच "मारलं" असं लिहिलं असतं तर आम्ही तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो, नंतर गेलोच की. शाळा म्हणत होती पालकांना दुखवायचं नव्हतं. मला नाही दुखवलं, बाईंना दुखावलं.

बाई, त्याच्या आईला तुम्ही स्वतः एकट्या भेटू नका, मी चिडले असते. शाळेने बोलवावं, तक्ता समोर ठेवावा. तो सात मोजल्याचंही सांगा तिला, तिच्या कानावर चांगलं काही येत नसेल.

दुसरीच्या_बाई
सगळ्यांचे आभार, डॉक्टरकडे जाऊन आले, इंजेक्शन घेतलं. सरांनी सांगितलं तसं लिहून काल मेल पाठवला, तारखा शोधायलाच दोन तास लागले कारण मी कधी लिहूनच ठेवल्या नव्हत्या. दहा मिनिटांत बोलावणं आलं, मॅडम म्हणाल्या "एवढं लेखी कशाला, आपण घरच्यासारखे आहोत, मेल मागे घ्या." मी नाही म्हटलं, आवाज कापत होता पण म्हटलं. आज चित्रकलेच्या तासाला मदतनीस मावशी वर्गात होत्या आणि कात्र्यांचा डबा ऑफिसच्या कपाटात गेलाय. ट्रेनिंगचं "वर विचारते" म्हणाल्या, ते मी परत लेखी विचारणार आहे. पालकांना शुक्रवारी बोलावलंय. अपघाताच्या वहीत माझ्या हाताची नोंद मीच केली, इयत्तेच्या रकान्यात काय लिहायचं कळेना, मग "शिक्षिका" लिहिलं.

छोटू आज आला नव्हता. वर्ग एकदम शांत होता आणि मला बरं वाटलं, हे इथे लिहितानाही कसंतरी होतंय.